कालव्याकाठच्या तीन पायऱ्या

रोज सकाळी साडेआठला आत्या बूट घालायची. तपकिरी, नाड्यांचे, जाड तळव्यांचे, खास चालायला म्हणून घेतलेले. स्वयंपाकघरातून हात पुसत यायची, मागच्या खोलीतल्या खुर्चीवर बसायची, आधी डावा, मग उजवा, दोन्हींना दुहेरी गाठ. मग खुर्ची टेबलाकडे वळवायची, हेडफोन लावायची आणि दिवसाचा पहिला फोन घ्यायची. संध्याकाळी साडेपाचला शेवटचा फोन संपला की बूट टेबलाखाली. मधल्या वेळात त्या बुटांचं चालणं म्हणजे मागच्या खोलीतून स्वयंपाकघर, स्वयंपाकघरातून पुढची खोली आणि परत.

माझी आई एकदा न राहवून म्हणाली, "वन्सं, घरात बूट घालून बसता, कुठे गाडी पकडायचीय का?"

"चपला घालून बोललं की आवाज घरातला येतो," आत्या म्हणाली. "लोकांना वाटलं पाहिजे, ही बाई आत्ताच फिरून आलीय."

आत्या गेल्यावर तिचं सामान आवरताना मी ते बूट उलटे करून पाहिले. बारा वर्षांचे बूट. वरचं चामडं बोटांपाशी तडकलं होतं, पण तळव्यांच्या खाचा दुकानातून आणल्यासारख्या धारदार होत्या. एका खाचेत थोडं पीठ अडकलं होतं.

सुट्टीसाठी आमच्या शहरात येणाऱ्या लोकांना हॉटेलऐवजी सामानासकट घर हवं असतं, चार दिवसांसाठी, आठवड्यासाठी. अशी घरं भाड्याने देणाऱ्या एका ऑफिसात आत्या एकवीस वर्षं होती. घरं दाखवायला फोटो होते, अंतरं मोजायला नकाशे होते. पण कुठल्या वस्तीत राहावं हे फोटोतून कळत नाही, त्यासाठी लोक फोन करायचे आणि तो फोन आत्याकडे यायचा. तिच्या समोरच्या भिंतीवर अख्ख्या शहराचा नकाशा होता आणि टेबलावर पत्र्याच्या डब्यात कार्डं. एका वस्तीला एक कार्ड. वस्त्यांना ऑफिसने दिलेली नावं साधी होती : टेकडी, जुना बाजार, स्टेशनमागे, गुदामं, कालवाकाठ.

तिची पद्धत तिने स्वतःच घडवलेली होती. लोक आपणहून सांगायचे, आम्हाला शांत जागा हवी, मध्यवर्ती हवी, संग्रहालय जवळ हवं. ती सगळं ऐकून घ्यायची आणि मग तीन प्रश्न विचारायची. गुडघा कोणाचा दुखतो? सकाळी सगळ्यांत आधी कोण उठतं? आणि रुसतं कोण?

पलीकडून हसू यायचं. मग मागून कोणीतरी ओरडायचं, "हेच रुसतात, लिहून घ्या."

"मग तुम्हाला टेकडी नको," आत्या म्हणायची. "रुसलेला माणूस बाहेर पडतो आणि परत येताना चढ लागला की त्याचा राग दुप्पट होतो. तुम्ही जुन्या बाजारात घ्या. खाली उतरलं की माणसं दिसतात, दहा मिनिटांत राग विसरतो."

एकटे येणारे लोक मात्र ती झटकन उरकायची. त्यांना तीन प्रश्न लागू पडायचे नाहीत. "एकट्याचं काय, कुठेही राहतो," असं म्हणून सरसकट स्टेशनमागे धाडायची.

पहिली नऊ वर्षं तिच्या पायाला भिंगरी होती. सकाळी एखाद्या वस्तीत उतरायची, दुपारपर्यंत तिथल्या गल्ल्या पालथ्या घालायची आणि ऑफिसात येऊन कार्ड लिहायची. बेकरी किती वाजता उघडते, कुठल्या चौकात वारा लागतो, लिफ्ट नसलेल्या इमारती कुठल्या. मग आतोबांचा अपघात झाला.

आतोबा, म्हणजे आत्याचे यजमान, लिफ्ट दुरुस्त करायचे. एका सुट्टीच्या दिवशी रिकाम्या ऑफिसच्या इमारतीत ते एकटेच कामाला गेले होते, आणि चौथ्या-पाचव्या मजल्यांच्या मध्ये, त्यांनीच उघडलेल्या लिफ्टमध्ये अडकले. नऊ तास. अंगाला ओरखडासुद्धा आला नाही. "मालकाने चहा विचारला नाही, बाकी सोय चांगली होती," एवढंच ते त्याबद्दल बोलायचे. पण त्या दिवसानंतर घरात एकटं राहिलं की त्यांचे हात गार पडायचे, श्वास वरच्या वर व्हायचा. डॉक्टर झाले, औषधं झाली. बरं वाटलं ते इतकंच, की समोर माणूस नसला तरी चालायचं, पण घरात आत्याचा आवाज हवा. बाहेरचं दार वीतभर उघडं हवं आणि आतून तिचा आवाज यायला हवा.

म्हणून ऑफिसने फोन घरी जोडून दिला. ती दिवसभर बोलायची, ते पुढच्या खोलीत बसून लोकांची बंद पडलेली घड्याळं, मिक्सर, पंखे उघडायचे. मध्येच पलीकडचा माणूस लांबलचक काही सांगू लागला की आत्या गप्प व्हायची. मिनिटभर गेलं की मधल्या भिंतीवर पान्याचे दोन ठोके पडायचे. आत्या फोनचं बटण दाबून आवाज बंद करायची, भिंतीकडे तोंड करून म्हणायची, "आहे." बटण सोडायची. "हं, बोला."

दिवसातून किती वेळा, ते मी कधी मोजलं नाही. मोजलं असतं तर मला तिथे राहवलं नसतं.

एम. ए.ला म्हणून मी त्यांच्याकडे दोन वर्षं राहिले. दिवसा ऑफिस असलेली ती मागची खोली रात्री माझी व्हायची. आत्याला बाहेर पडता येत नव्हतं, म्हणून घर सोडून निघालेल्या पाहुण्यांना ती फोन करून खोदून खोदून विचारायची, फुलवाला अजून कोपऱ्यावर असतो का, पुलाखालचं दुकान बंद झालं का, आणि कार्डांवर दुरुस्त्या करायची. मी आल्यावर तिला आयतेच पाय मिळाले. रविवारी मला पाठवायची. परत आले की दारातच उलटतपासणी.

"चढ किती आहे?"

"थोडा आहे."

"थोडा म्हणजे काय? बोलत बोलत चढलीस की बोलणं थांबलं?"

"मी एकटी होते, कोणाशी बोलू?"

"मनातल्या मनात बोलायचं. तेही थांबतं."

आतोबा हातातला पंखा बाजूला ठेवून म्हणायचे, "पोरी, तिला दम मोजायचं यंत्र आणून दे. सुटशील."

पण कालव्याकाठी तिने मला कधी पाठवलं नाही. मी एकदा विचारलं तर म्हणाली, "ते माझं राखून ठेवलंय." कार्ड मात्र होतं आणि तिच्या डब्यातलं सगळ्यांत सुबक कार्ड तेच होतं. काठ सपाट. पायऱ्या नाहीत. पाण्याकडेने बाकं. दुखऱ्या गुडघ्यांना उत्तम. कोणाच्या सासूबाई, कोणाचे आजोबा, सगळ्यांना ती डोळे मिटून कालव्याकाठी पाठवायची.

वीस वर्षं झाली तेव्हा ऑफिसचं पत्र आलं. ऑफिसकडे असलेल्या कुठल्याही घरात चार रात्री, तीन महिन्यांच्या आत, पाहुणी म्हणून राहा. आत्याने ते टेबलावरच्या काचेखाली सरकवलं आणि आठवडाभर त्याचं नाव काढलं नाही. आठव्या दिवशी तिने माझ्या बाबांना, म्हणजे तिच्या धाकट्या भावाला फोन केला. बाबा शिक्षक, त्याच वर्षी निवृत्त झालेले.

"चार दिवस येशील का इथे? ह्यांच्यापाशी बसायला?"

"ताई, तू अकरा वर्षांत पहिल्यांदा काही मागतेयस. मी चाळीस दिवस येतो."

"चाळीस दिवस तुला पोसणार कोण? चार पुरेत."

मग वस्ती निवडणं सुरू झालं. रोज संध्याकाळी बूट काढून ती माझ्या पलंगावर कार्डं मांडायची. मला वाटलं होतं, जी दिवसाला तीस घरांना वस्ती ठरवून देते तिला स्वतःसाठी किती वेळ लागणार. तीन आठवडे लागले. टेकडीचं कार्ड उचलायची, वाचायची, आणि म्हणायची, "इथून घरी यायला दोन बस." गुदामं : "इथे रस्ता खणलाय, टॅक्सी आत येत नाही." जुना बाजार : "तासभर धर." प्रत्येक कार्डाच्या पाठीमागे तिने पेन्सिलीने घरी पोहोचायला लागणारी मिनिटं लिहिली होती.

आतोबा दाराच्या चौकटीला टेकून बघत होते. "अगं, यायचं कशाला? चार दिवस जायचंय ना?"

"लागलं तर."

"काय लागणार आहे? मेहुणे आहेत ना." मग कार्डांकडे बोट करून, "तू कालव्याकाठी जा. तुला तिथे जायचं होतं."

आत्या कार्डं उलटीपालटी करत राहिली. मी तिला हसवायला म्हणून तिच्याच आवाजात विचारलं, "बाई, गुडघा कोणाचा दुखतो?"

"कोणाचा नाही."

"आधी कोण उठतं?"

"मी."

"रुसतं कोण?"

तिने कार्डं गोळा करायला घेतली. "बरोबर कोणी असेल तर रुसतील ना," ती म्हणाली. मग कालवाकाठचं कार्ड वर ठेवलं आणि ते का राखून ठेवलं होतं तेही तेव्हाच सांगितलं. अपघाताच्या दिवशी ती त्याच वस्तीचं कार्ड लिहायला निघाली होती. बस कालव्याच्या कडेने चालली होती, पुढच्या थांब्यावर उतरायचं होतं, तेवढ्यात इमारतीच्या चौकीदाराचा फोन आला. ती उतरली नाही, तशीच पुढे गेली. "कार्ड बसच्या खिडकीतून लिहिलंय," ती म्हणाली. "एवढंच एक."

बाबा आदल्या दिवशी आले. रात्री जेवणानंतर तालीम झाली. आतोबांनी पुढच्या खोलीतून पान्याने ठोकलं आणि आतून बाबांचा वर्गात घुमणारा आवाज आला, "हजर."

"मेहुणे, मी हजेरी नाही घेत," आतोबा म्हणाले. "नुसतं 'आहे' म्हणायचं."

"आहे," बाबा म्हणाले.

"एवढ्या जोरात नको. शेजारचेही हो म्हणतील."

आम्ही सगळे हसलो. आत्याही हसली, पण तिचे डोळे आतोबांच्या हातांवर होते.

सकाळी ती बूट घालून निघाली. बस थांब्यापर्यंत मी पिशवी धरली. पायऱ्या उतरताना तिने कठडा घट्ट धरला होता आणि रस्त्यावर आल्यावर दोन्ही बाजूंना इतक्या वेळा पाहिलं की हिरवा दिवा एकदा येऊन गेला.

दुपारपर्यंत सगळं ठीक होतं. आतोबा बाबांना मिक्सरची मोटर समजावत होते. एक वाजता त्यांनी पाना हातात घेऊन भिंतीवर दोनदा वाजवला. बाबांनी स्वयंपाकघरातून "आहे" म्हटलं, अगदी हळू, ठरल्याप्रमाणे. आतोबा "छान जमलं" म्हणाले आणि मिनिटभराने त्यांचं बोलणं बंद झालं. बाबांनी हात धरून पाहिला तर बर्फ. बाबांनी घाबरून आत्याला फोन लावला. ती किल्ली हातात घेऊन तिथल्या जिन्यात उभी होती, खाली उतरायलाच निघाली होती. ती परत वर गेली आणि फोनवर बोलत राहिली, त्या घरात किती खिडक्या आहेत, पडदे कुठल्या रंगाचे आहेत. अर्ध्या तासाने आतोबांना बरं वाटलं. त्यांनी स्वतःच सांगितलं, "बंद कर आता. जा, पाय मोकळे करून ये." तिने फोन ठेवला. आठ मिनिटांनी बाबांना तो परत लावावा लागला. त्यानंतर कोणी ठेवायच्या भानगडीत पडलं नाही. घरी तो टेबलावर मोठ्या आवाजात ठेवून दिला, ती तिकडून बोलत राहिली.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी कॉलेजातून परस्पर तिच्याकडे गेले. तिसऱ्या मजल्यावर, घराच्या दाराला खुर्ची लावलेली, दार वीतभर उघडं. इथे त्याची काही गरज नव्हती, पण तिच्या हाताला ते माहीत नव्हतं. आत ती खिडकीपाशी बसली होती, बूट घालून, फोन खिडकीच्या कट्ट्यावर, त्याची चार्जिंगची वायर ताणलेली.

"...आता एक होडी येतेय. हिरवी. नाही, माणसं नाहीत, पेट्या आहेत."

"किती पेट्या?" फोनमधून आतोबांचा आवाज.

"थांबा, मोजते."

खाली कालवा होता. रस्त्याच्या पलीकडे, तिने कार्डावर लिहिली होती तशीच, बाकं पाण्याकडे तोंड करून ठेवलेली. एका बाकावर कोणीतरी सफरचंद सोलत होतं. टेबलावर ऑफिसने पाहुण्यांसाठी ठेवलेली बिस्किटं न उघडलेली होती आणि पलंगाची चादर एकाच कडेला चुरगळली होती.

मी तिच्या कानाशी म्हटलं, "मी बोलते त्यांच्याशी. तू खाली जा."

तिने मान हलवली. पण आतोबांनी ऐकलं होतं.

"पोरगी बरोबर सांगतेय. जा तू. मी तिच्याशी बोलतो."

"तुमचे हात बघा कसे आहेत."

"हात हातांच्या जागी आहेत. जा म्हटलं ना."

शेवटी तिनेच तोड काढली : फोन घेऊनच जायचं, बोलत बोलत. तिने नाड्या सोडून पुन्हा बांधल्या, पर्स घेतली आणि फोन कानाला लावून खाली गेली. मी खिडकीत उभी राहिले.

ती दारातून बाहेर आली. रस्ता ओलांडला. काठाकडे सरळ चालत गेली, बाकं मागे टाकून, आणि कडेशी एकदम थांबली. खाली पाहिलं. मग एक पाऊल खाली गेली, दुसरं, तिसरं. काठाची भिंत उंच होती. मला वरून फक्त तिचे केस आणि फोन धरलेला हात दिसत होता. ती पाण्याच्या अगदी जवळ असणार. ती तिथे उभी राहिली. मग हात खाली आला. तिने फोन दुसऱ्या कानाला लावला, परत काढून पाहिला. आणि उतरली होती त्याच्या दुप्पट वेगाने वर आली. वर रस्त्यावर आल्याबरोबर तिचे ओठ हलायला लागले.

जिना चढून आली तेव्हा तिला धाप लागली होती आणि ती बोलतच होती. "अहो, इथेच होते. नाही, कुठे गेले नव्हते. आहे ना." फोन कट्ट्यावर ठेवला, वायर लावली, खुर्चीत बसली. पर्समधून कार्ड काढलं. ती ते बरोबर घेऊन आली होती.

"खाली रेंज जाते," ती मला म्हणाली. "आणि तीन पायऱ्या आहेत गं. साधा कठडासुद्धा नाही. अकरा वर्षं मी दुखऱ्या गुडघ्यांना इथे धाडतेय."

"कोणी तक्रार केली नाही?"

"तीन पायऱ्यांची कोण करतं?"

"पाणी कसं होतं?"

ती कार्डावर लिहीत होती. "पाणी नीट पाहिलं नाही," ती म्हणाली. "आवाज जातोय का ते बघत होते."

फोनमधून आतोबा म्हणाले, "पेट्या किती होत्या ते राहिलंच."

"चौदा," आत्या म्हणाली. मला माहीत होतं की तिने मोजल्या नव्हत्या.

तिसऱ्या दिवशी सकाळी ती परत आली. दोन रात्री शिल्लक होत्या, पण त्याबद्दल कोणी काही विचारलं नाही. आतोबा दाराबाहेर, जिन्याच्या वरच्या पायरीवर बसले होते. "माझ्यामुळे झालं," ते म्हणाले. "तुमच्यामुळे काय," ती म्हणाली, "गादी मऊ होती, मला झोप लागेना." दुसऱ्या दिवशी साडेआठला तिने बूट घातले. पहिलाच फोन एका बाईंचा होता, आईला घेऊन येणार होत्या, कालवाकाठचे फोटो आवडले होते. "घर चांगलं आहे," आत्या म्हणाली. "खिडकीतून पाणी छान दिसतं. पण आईंना खाली नेऊ नका. तीन पायऱ्या आहेत."

एकट्या माणसांना मात्र ती आता सरसकट स्टेशनमागे पाठवत नव्हती. त्यांच्यासाठी तिने एक चौथा प्रश्न काढला होता. "घरी तुमची वाट कोण बघतंय?" असं विचारायची. "कोणी नाही" म्हटलं की गुदामं, टेकडी, कालवाकाठ, शहरातलं जे जे चांगलं ते सगळं त्याच्यापुढे ठेवायची आणि फोन लवकर संपवायची नाही.

त्यानंतर वर्षभराने मला दुसऱ्या शहरात नोकरी लागली. आत्या त्याच महिन्यात गेली, झोपेत, काहीही न सांगता. आता आतोबा आमच्या घरी असतात. बाबा "आहे" म्हणायला शिकलेत. सुरुवातीचे दोन महिने फार कठीण गेले, मग हळूहळू त्यांच्या आवाजावरही आतोबांचे हात गरम राहू लागले. तिच्या बुटांमधलं पीठ मी झटकलं नाही, तसेच आणलेत.

ती जायच्या दोन आठवडे आधी मी तिला फोन केला होता. नव्या शहरात कुठे राहायचं ते ठरत नव्हतं. दोन वस्त्या होत्या, एक शांत, एक बाजाराजवळ. मी फोटो पाहून पाहून थकले होते.

"गुडघा?" तिने विचारलं.

"कोणाचा नाही."

"आधी कोण उठतं?"

"कोणीच नाही. गजर."

"रुसतं कोण?"

"मीच. मीच रुसते, मीच समजूत काढते."

ती हसली. "मग बाजाराजवळ घे. आणि पहिल्या आठवड्यात सगळ्या गल्ल्या फिरून ये, मला सांग. चौथा प्रश्न विचारू का?"

"विचार."

तेवढ्यात फोनमधून लांबून दोन ठोके ऐकू आले. तिने माझा फोन बंद केला नाही, बटणही दाबलं नाही. मी घरचीच होते.

"धर हं जरा," ती मला म्हणाली, आणि मग तोंड भिंतीकडे वळवून, "आहे."